उत्पन्नाचा रकाना

दिवाळीत आमच्या घरी येणारे एजंट काका म्हणजे जुनं माणूस. बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेत लागले तेव्हा पहिली पॉलिसी त्यांनीच काढून दिली, माझ्या जन्मानंतर दुसरी, घराचं कर्ज घेतलं तेव्हा तिसरी. हप्ते पगारातून परस्पर कापले जातात, त्यामुळे काकांचं येणं आता फराळापुरतंच. त्या वर्षी ते आले तेव्हा मी पुण्याहून सुट्टीला आले होते. एम.एस्सी. संख्याशास्त्राचं दुसरं वर्ष होतं आणि ऐच्छिक विषय म्हणून आयुर्विम्याचं गणित घेतलेलं. डोक्यात दिवसभर तेच. चिवड्याची बशी त्यांच्यापुढे सरकवत मी म्हटलं, "काका, आईचा एक टर्म विमा काढायचा का?" ठरलेल्या मुदतीत माणूस गेला तरच पैसे देणारा, तो हा विमा. त्यांनी पिशवीतून फॉर्म काढला, चष्मा चढवला आणि 'वार्षिक उत्पन्न' या रकान्यावर पेनाचं टोक टेकवलं. "वहिनींचं इथं काय लिहू? शून्य. मग रक्कम कशाच्या जोरावर मागायची? त्यापेक्षा गुरुजींचा वाढवा." आई चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. ती हसली, "मला काय करायचाय विमा," म्हणाली आणि कप ठेवून धारेची वेळ झाली म्हणून गोठ्याकडे गेली. काकांच्या बोलण्यात खोट नव्हती. फॉर्मच तसा होता.

ते शून्य घेऊन मी पुण्याला परतले.

या विषयाचा पहिला तास मला अजून जसाच्या तसा आठवतो. सर आले, हजेरी न घेता फळ्याच्या वरच्या टोकाला एक लाख हा आकडा लिहिला आणि म्हणाले, "ही एक लाख बाळं आज जन्मली. आता यांच्याकडं शेवटपर्यंत बघायचं." मग खाली एकेक वय, आणि त्या वयापर्यंत किती उरली तो आकडा. हा एल-एक्सचा रकाना. शेजारी डी-एक्स, म्हणजे त्या वर्षात किती गेली. त्याच्या शेजारी क्यू-एक्स, म्हणजे त्या वयाच्या माणसाला पुढचा वाढदिवस न दिसण्याची शक्यता. फळा भरत गेला, खडूची धूळ सरांच्या बाहीवर बसली. नव्वदीच्या पुढे आकडे भराभर आटत गेले आणि तळाशी शून्य आलं. वर्गात आम्ही थोडेच जण, सगळे विशी-बाविशीचे. आमच्या वयाच्या ओळीपाशी क्यू-एक्स इतका बारीक, की दशांशचिन्हानंतरची शून्यंच आधी डोळ्यांत भरत. भीती कुणालाच वाटली नाही. मला जाणवलं ते वेगळंच. या रकान्यांत कुणालाही नाव नाही आणि तरी प्रत्येक जण मोजला गेलाय. एकही सुटलेला नाही. बी.एस्सी.ला शिकलेलं संख्याशास्त्र मला आवडायचं, पण त्यात नाणी, फासे, खतांचे प्लॉट असायचे. इथं माणसं होती, आणि बेरीज शेवटपर्यंत जुळायची.

अशा टेबलांचा इतिहास सांगताना सर धूमकेतूवाल्या हॅलेपाशी रेंगाळले. ब्रेस्लाऊ नावाच्या शहरात, म्हणजे आजच्या पोलंडमधल्या व्रोत्स्वाफमध्ये, कास्पर न्यूमन नावाचे धर्मगुरू होते. त्यांनी शहरातल्या जन्म-मृत्यूच्या नोंदी वयासकट गोळा केल्या होत्या. १६८७ ते १६९१ या पाच वर्षांच्या त्या नोंदी लंडनला पोचल्या आणि १६९३ साली एडमंड हॅलेनं त्यांवरून आपलं टेबल मांडलं. वर्षाला सरासरी १२३८ जन्म. त्यातली ३४८ मुलं पहिलं वर्षही पुरं करत नाहीत. सतराव्या वर्षापर्यंत उरतात ६१६, म्हणजे निम्मीही नाहीत. इंग्लंडचं सरकार तेव्हा लढाईसाठी कर्ज उभारताना म्हाताऱ्याला आणि तरण्याला एकाच भावानं ॲन्युइटी, म्हणजे एकरकमी पैसे घेऊन आयुष्यभर दर वर्षी ठरलेली रक्कम देण्याचा करार, विकत असे. वय बघून किंमत बदलली पाहिजे, हे हॅलेला दाखवायचं होतं. आमच्या विषयाचा पाया त्याच निबंधात आहे. पण त्या संध्याकाळी हॉस्टेलवर मी ॲन्युइटीचं गणित बाजूला ठेवून ३४८ या आकड्याकडेच बघत बसले होते.

रविवारी घरी फोन केला तेव्हा आजीला विचारलं, "तुला एकूण किती मुलं झाली गं?" ती एक क्षणही न थांबता म्हणाली, "सहा. ऱ्हायली चार." थोरला तापानं गेला, दीड वर्षाचा होता. नंतरची मुलगी बाराव्या दिवसाच्या आतच गेली, तिचं बारसंही झालं नव्हतं. बाबांनी हे मला कधी सांगितलेलं नव्हतं. कदाचित त्यांनाही धड माहीत नसावं. आजी पुढं म्हणाली, "सगळ्यांच्याच घरी असायचं की एखाद-दुसरं." तिच्या पिढीतल्या कुठल्याही बाईला विचारा, अशीच दोन आकड्यांत उत्तरं मिळतील, झाली इतकी आणि राहिली इतकी. डी-एक्सच्या रकान्यातली पहिली ओळ सोडवताना त्यानंतर माझा हात आपोआप हळू चालायचा.

गणित म्हणून हा विषय फार देखणा आहे, हे मला मनापासून सांगायचंय. त्याची चिन्हं १८९८ साली लंडनच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत ठरली. ॲन्युइटीच्या छोट्या ए-वर दोन ठिपके दिले की हप्ता वर्षाच्या सुरुवातीला मिळणार, ठिपके नसले की वर्षाच्या शेवटी. वय चौकटी कंसात घातलं की माणूस नुकताच डॉक्टरी तपासणी होऊन आत आलाय. टायपिंगला महाकठीण, पण हातानं काढताना मजा येते. पहिले काही आठवडे सरांनी आम्हाला संगणकाला हात लावू दिला नाही. डी, एन, सी, एम असे, मृत्यूदर आणि व्याज एकत्र केलेले चार रकाने कॅल्क्युलेटरवर स्वतः भरायचे. संगणक यायच्या आधी विमा कंपन्यांत माणसं हेच करत. एकदा हे रकाने तयार झाले की कुठल्याही वयाचा हप्ता एक-दोन वजाबाक्यांत आणि एका भागाकारात निघतो. रात्री मेसवरून आल्यावर आम्ही तिघी-चौघी एकाच टेबलाशी बसून आकडे मोठ्यानं वाचायचो. एक जण वाचणार, बाकीच्या पडताळणार. शेवटचे दोन दशांश जुळले नाहीत की पुन्हा वरपासून.

त्यात एक समीकरण आहे, त्याच्यावर माझा फार जीव आहे. समजा, माझ्या नावानं एक रुपया बाजूला ठेवला. मी जिवंत आहे तोवर दर वर्षाच्या सुरुवातीला त्याचं व्याज मला मिळणार. मी गेले की त्या वर्षाअखेर तो रुपया माझ्या माणसांना. या दोन गोष्टींची आजची किंमत, म्हणजे पुढे मिळायच्या पैशांचं व्याज वजा करून आज होणारं मोल, स्वतंत्रपणे काढली, तर त्या सूत्रांत मृत्यूच्या सगळ्या शक्यता येतात, पानभर बेरजा येतात. पण दोन्हींची बेरीज बरोबर एक रुपया. वय कुठलंही असो, टेबल कुठलंही असो. कारण एवढंच, की जगणं संपेपर्यंत व्याज आणि संपल्यावर मुद्दल, असं मिळून तो रुपया पूर्ण वाटला गेलेला असतो. सरांनी हे फळ्यावर सिद्ध करून डस्टर ठेवला तेव्हा मागच्या बाकावरचा एक मुलगा "वा" असं मोठ्यानं म्हणाला. गाण्याच्या बैठकीत देतात तशी ती खरी दाद होती.

आणि सगळ्याच्या मुळाशी एक तत्त्व. सगळ्यांनी मिळून भरायच्या हप्त्यांची आजची किंमत आणि सगळ्यांना मिळून द्यायच्या रकमांची आजची किंमत, दोन्ही सारखी असली पाहिजे. कोण आधी जाणार हे कुणालाच माहीत नाही, म्हणून सगळे थोडं थोडं ठेवतात. ज्याच्यावर वेळ येते त्याच्या घरी ते जातं. आमच्या गल्लीतल्या बायकांची भिशी याच विश्वासावर चालते, फक्त तिथं चिठ्ठी निघाली की पेढे वाटतात. विम्यात जगणारा माणूस न जगलेल्याच्या घराला पैसे पाठवत असतो, ओळखदेख नसताना, वर्षानुवर्षं. बाहेर लोक या विषयाला मरणाचा हिशोब म्हणतात. मला तो एकमेकांचं देणं फेडण्याचा हिशोब वाटत आलाय.

पण देणं फेडणाऱ्या या मंडळीत कोण कोण आहे?

हा प्रश्न मला सुचला तो टेबलाच्या मथळ्यामुळे. आपल्याकडचं प्रमाण टेबल म्हणजे 'इंडियन ॲशुअर्ड लाइव्ज मॉर्टॅलिटी', २०१२ ते १४ या काळातल्या अनुभवावरचं. तिशीच्या माणसासाठी त्यात वर्षाला हजारात साधारण एक मृत्यू, पन्नाशीला हजारात साडेचारच्या आसपास. ॲशुअर्ड लाइव्ज, म्हणजे विमा उतरवलेले जीव. एलआयसीची १९९४-९६ची, त्याआधीची १९७५-७९ची टेबलंही अशीच. ज्यांनी फॉर्म भरला, ज्यांचा फॉर्म मंजूर झाला, ज्यांनी हप्ते भरले, त्यांचाच अनुभव त्यात उतरतो. यात गणिताची लबाडी काही नाही. ज्यांना विमा विकायचा त्यांच्याच मृत्यूदरावर भाव ठरवायला हवा, नाहीतर निधी बुडेल. पण पहिल्या तासाला मला जे वाटलं होतं, की इथं एकही माणूस सुटलेला नाही, ते फळ्यावरच्या एक लाख बाळांपुरतं खरं होतं. खऱ्या टेबलाला दार असतं.

ते दार पूर्वी आपल्या सगळ्यांनाच बंद होतं. १८१८ साली कलकत्त्यात ओरिएंटल लाइफ ही कंपनी निघाली ती इथल्या युरोपियनांसाठी. पुढे ज्या कंपन्यांनी हिंदी माणसांचे विमे घेतले, त्या जादा हप्ता लावून. इथल्या लोकांचा भरवसा नाही, हवा वाईट, अनुभवाचे आकडे नाहीत, ही कारणं. १८७० साली मुंबईत बॉम्बे म्युच्युअल निघाली आणि तिनं हिंदी माणसाचा विमा नेहमीच्या दरानं घेतला. चार वर्षांनी मुंबईतच ओरिएंटल गव्हर्नमेंट सिक्युरिटी लाइफ निघाली. तिच्याच १९२५ ते ३५च्या अनुभवावरून पुढे जे टेबल झालं ते आपल्याकडे बरीच वर्षं वापरात होतं. म्हणजे आधी कुणीतरी दार उघडलं, मग माणसं आत आली, मग टेबल झालं. हा क्रम मी वहीत अधोरेखित करून ठेवला होता, तेव्हा तो कशाला उपयोगी पडेल हे ठाऊक नव्हतं. १९५६च्या जानेवारीत आपले चिंतामणराव देशमुख अर्थमंत्री असताना वटहुकूम निघाला, २४५ विमा कंपन्या आणि सोसायट्या एकत्र आल्या आणि १ सप्टेंबरला आयुर्विमा महामंडळ उभं राहिलं. 'योगक्षेमं वहाम्यहम्' हे ब्रीद घराघरांत पोचलं ते त्यानंतर.

बायकांसाठी मात्र दार पुढेही अर्धवटच उघडं होतं. जुन्या नियमावल्यांत स्त्रियांच्या तीन वर्गवाऱ्या असत. स्वतः कमावणाऱ्या पहिल्या वर्गात. घरभाडं, व्याज असं उत्पन्न असणाऱ्या दुसऱ्या. बाकी सगळ्या तिसऱ्या, आणि त्यांच्या विम्याची रक्कम नवऱ्याच्या विम्याशी बांधलेली. पहिल्या बाळंतपणासाठी वेगळं कलम. बाळंतपणात बायका किती जात हे आठवलं तर त्या कलमामागची धास्ती समजते. आज चित्र उलटं आहे. आता बायका पुरुषांपेक्षा जास्त जगतात, म्हणून बऱ्याच योजनांत बाईचा दर काढताना पुरुषांच्या टेबलात तिचं वय तीन वर्षांनी कमी धरतात. माझी आई तेव्हा अठ्ठेचाळीसची होती. टेबलाच्या लेखी पंचेचाळीसची. म्हणजे तिच्या जिवाचा भरवसा बाबांपेक्षा जास्त आणि हप्ता कमी. हप्त्याच्या सूत्रात आई उजवी ठरते, आणि रकमेच्या सूत्रात तिच्या नावापुढे शून्य येतं.

रकमेचं ते सूत्र अमेरिकेतल्या सॉलोमन ह्यूबनर यांनी १९२०च्या दशकात मांडलेल्या मानवी जीवनमूल्याच्या कल्पनेतून येतं. माणूस पुढे जितकी वर्षं कमावणार त्या कमाईची आजची किंमत, तेवढा त्याचा विमा असावा. कल्पना चांगलीच आहे. कमावता माणूस गेला तर घराचं काय, हा प्रश्न तिनं विमा कंपन्यांच्या टेबलावर आणला. पण उत्पन्नाला कितीनेही गुणा, उत्पन्न शून्य तर उत्तर शून्य.

मी हे वर्गात विचारलं. सरांनी लगेच उत्तर दिलं नाही. मग त्यांनी १७७४ सालच्या इंग्लंडमधल्या कायद्याची गोष्ट सांगितली. त्याआधी तिथं लोक परक्यांच्या जिवावर विमे उतरवत, आजारी पुढाऱ्यांवर पैजा लावल्यासारखे. कायद्यानं ते बंद केलं. ज्याच्या जगण्यात तुमचं हित आहे त्याचाच विमा. "आता आपल्याकडं या," सर म्हणाले. "हुंडाबळीसाठी दंडविधानात वेगळं कलम आणावं लागलं, १९८६ साली. ज्या घरात बाई जिवंत असण्यापेक्षा ती गेल्यावर जास्त पैसा येणार असेल, तिथं अंडररायटरचा, म्हणजे विम्याचा अर्ज मंजूर करणाऱ्याचा, हात थरथरतो. तो थरथरायलाच हवा." वर्गात आम्ही मुली होतो त्यांच्यापैकी कुणी काही बोललं नाही. तास संपल्यावर कँटीनकडे जाताना मैत्रीण म्हणाली, "म्हणजे आपली रक्कम कमी ठेवतात ती आपल्याच भल्यासाठी." तिच्या आवाजात राग होता आणि मलाही तो आला, पण सरांचं म्हणणं खोडता येईना. आजही येत नाही. मर्यादा घालणाऱ्यानं बाईचं काम पाहिलं नाही हे खरं, आणि तिच्या जिवाला घरातूनच धोका असू शकतो हे त्यानं पाहिलं, हेही खरं.

उत्तराची एक वाट मला विमा सोडून कोर्टात सापडली. शेवटच्या सत्राच्या प्रोजेक्टसाठी वाचत होते. १९८९ साली जमशेदपूरला एका समारंभात आग लागली, त्यात बऱ्याच बायका-मुलं गेली. भरपाईचा खटला सुप्रीम कोर्टापर्यंत गेला आणि २००१ साली कोर्टानं सांगितलं, की ३४ ते ५९ वयाच्या गृहिणीच्या कामाची किंमत कमीत कमी धरली तरी महिना ३००० रुपये आहे. २०१०च्या आणखी एका निकालात कोर्टानं दाखवून दिलं, की २००१च्या जनगणनेत घरकाम करणाऱ्या बायकांना भिकारी, वेश्या आणि कैद्यांबरोबर अनुत्पादक गटात घातलं होतं. ते वाक्य मी लायब्ररीत परत परत वाचलं. मग जानेवारी २०२१चा निकाल, त्यात २०१९च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीचा दाखला आहे. घरच्यांसाठी बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायका त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवतात, पुरुष ९७. माणसांची काळजी घेण्यात बायका १३४ मिनिटं, पुरुष ७६.

पण मला सगळ्यात जास्त आनंद झाला तो गुणक बघून. अपघाताची भरपाई काढताना कोर्ट वार्षिक उत्पन्नाला वयाप्रमाणे एका आकड्यानं गुणतं. २००९च्या निकालात त्याचं कोष्टक आहे. पंचविशीपर्यंत १८, मग उतरत उतरत ४६ ते ५० वयाला १३, ६१ ते ६५ला ७, त्यापुढे ५. मी ते कोष्टक पाहिलं आणि ओळखलं. हा तर आमचा दोन ठिपक्यांचा ए! पासष्ठीपर्यंतची सतरा वर्षं, पाच टक्के व्याज, आईचं वय तीन वर्षांनी मागं धरून मी ॲन्युइटी काढली तर साधारण साडेअकरा आली. कोर्टाचे तेरा त्याहून थोडे उदार. दोन वेगळ्या वाटांनी लोक एकाच जागी पोचले होते, फक्त कोर्टाला तिथं जायला आधी बाई मरावी लागत होती.

उन्हाळ्यात घरी गेले तेव्हा आईला घेऊन ओट्याशी बसले. कालनिर्णयच्या पानावर ती रोजचं दूध लिहिते, सकाळ वर, संध्याकाळ खाली, फॅट कोपऱ्यात. सिलिंडर आला त्या चौकोनात 'गॅ', म्हैस दाखवली त्या चौकोनात एक फुली. दर दहा दिवसांनी डेअरीचं बिल आलं की ती स्वतः ताळा करते. बिल बाबांच्या खात्यावर जमा होतं. मी म्हटलं, "आई, तू महिनाभर नसलीस तर कामाला कोण कोण लावावं लागेल, आणि काय भावानं?" तिला गावातले सगळे भाव तोंडपाठ होते. दोन म्हशींच्या धारा, शेणघाण, वैरण मिळून चार हजार. स्वयंपाक साडेचार. यावर ती मध्येच थांबली, "भाकरीला एवढं कोण देतंय?" मी म्हटलं, साताऱ्यात देतात. धुणं, भांडी, झाडलोट दोन हजार. आजीचं करायला बाई, साडेतीन. "साडेतीनला कोण येतंय," ती लगेच म्हणाली, "रात्रीचं उठायचं धरलंच नाहीस तू." आजी तोवर अंथरुणाला खिळली होती. मी रात्रीचं धरलं नाही, कारण त्याचा भाव तिलाही सांगता येईना. बेरीज चौदा हजार. वर्षाचे एक लाख अडुसष्ठ हजार. तेरानं गुणलं तर एकवीस लाख चौऱ्याऐंशी हजार, माझ्या साडेअकरानं एकोणीस लाखांच्या वर. आईनं तो आकडा स्वतः पुन्हा गुणून पाहिला, पेन्सिलीनं, कालनिर्णयच्या मागच्या बाजूला. मग म्हणाली, "बाबांना सांगू नको एवढ्यात."

बाबांना मीच सांगितलं, जेवताना. त्यांचा विरोध रकमेला नव्हता, टर्म विम्याला होता. मुदत संपली आणि माणूस धडधाकट राहिला तर हातात काहीच येत नाही, म्हणजे पैसे पाण्यात. हे मी त्यांना पुष्कळ समजावलं. आईला एकदाच सांगावं लागलं. ती म्हणाली, "पाण्यात कसे? कुणाच्या तरी घरी गेले की ते." शेवटी दहा लाखांचा विमा निघाला, बाबांच्या विम्याच्या आधारावर, त्याहून जास्त द्यायला त्या कंपनीची तयारी नव्हती. उत्पन्नाच्या रकान्यात शून्यच लिहावं लागलं. नॉमिनीच्या ओळीपाशी आईनं मला थांबवलं आणि आजीचं नाव घालायला सांगितलं. मी म्हटलं, "अगं, आजी पंच्याऐंशीची, तू अठ्ठेचाळीसची." ती म्हणाली, "ते मला कळतंय. पण आज-उद्या मी गेले तर तुमचं चालेल, अडेल ते त्यांचंच." टेबल उघडून आजीच्या वयाची ओळ तिला दाखवण्याचा विचार माझ्या मनात आला होता. मी दाखवली नाही. नॉमिनी दोन घालता येतात, हिस्से ठरवून. तसे घातले, आजी आणि मी.

प्रोजेक्टमध्ये मी गृहिणींसाठी वेगळ्या टर्म विम्याचा आराखडा मांडला. उत्पन्नाच्या जागी एकच प्रश्न: ही व्यक्ती नसेल तर घराला महिन्याला किती खर्च येईल? रक्कम त्या खर्चाला बांधलेली, म्हणजे सरांनी सांगितलेली भीतीही आटोक्यात राहते, कारण बाई गेल्यावर येणारा पैसा तिच्या कामाच्या मोलाहून जास्त होत नाही. पैसे जायचे ते मुलांना किंवा जे तिच्यावर अवलंबून आहेत त्यांना. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेले परीक्षक उभं आयुष्य विमा कंपनीत काढलेले दिसत होते. त्यांनी दराचं पान उघडून विचारलं, "हा मृत्यूदर कुठून घेतलात?" मी सांगितलं, २०१२-१४चं टेबल, तीन वर्षं मागं. "त्यात गृहिणी किती आहेत?" फार कमी असणार, मी म्हटलं, त्या टेबलात यायला आधी पॉलिसी लागते. "मग अनुभव नसताना कंपनीनं विमा द्यायचा कसा?" माझ्या वहीतला तो अधोरेखित क्रम मला तेव्हा आठवला. मी म्हटलं, "सर, १८७० साली बॉम्बे म्युच्युअलनं पहिली पॉलिसी दिली, तेव्हा तिच्याकडं एकाही क्लेमचा अनुभव नव्हता. टेबल उसनं घ्यायचं, वर सावधगिरीचं मार्जिन ठेवायचं आणि पाच वर्षांनी स्वतःचं मोजायचं." ते काही वेळ पान चाळत राहिले. मग मार्जिन किती धरलं, तेवढंच का, आणि पाच वर्षांत किती क्लेम आले तर त्या आकड्यांवर विसंबता येईल, हे त्यांनी विचारायला सुरुवात केली, आणि मी फळ्याकडे जाऊन खडू उचलला.